थेम्सकाठच्या चतुरांसाठी मे महिन्यातली एक सकाळ आणि थोडा हातभार

सप्रेम नमस्कार मंडळी,

रेडिंग आणि आसपासच्या गावांत राहणाऱ्या सगळ्या मराठी कुटुंबांना मंडळाच्या निसर्ग गटातर्फे ही विनंती आहे. येत्या मे महिन्यात गोरिंग ते पँगबोर्न या पट्ट्यात थेम्सच्या काठावर चतुरांच्या (ड्रॅगनफ्लाय या कीटकांच्या) काती, म्हणजे अळीने टाकलेली रिकामी कातडी, शोधून मोजायच्या आहेत. त्यानंतर उन्हाळा संपता संपता कम्युनिटी गार्डनमध्ये एक छोटं तळं खणायचं आहे. दोन्ही कामांना माणसं हवीत, तळ्यासाठी पैसेही हवेत. चतुर आणि काती हे काय प्रकरण आहे, असं बऱ्याच जणांना वाटेल, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहोत.

थेम्सच्या आपल्या पट्ट्यात कॉमन क्लबटेल नावाचा चतुर राहतो. काळा-पिवळा, शेपटीचं टोक फुगीर, आणि दोन डोळे एकमेकांपासून अगदी स्पष्ट वेगळे. ब्रिटनमधल्या इतर चतुरांचे डोळे डोक्यावर एकमेकांना टेकलेले असतात, याचे तेवढे नाहीत. संथ वाहणाऱ्या, तळाशी गाळ असलेल्या मोजक्याच नद्यांमध्ये तो आढळतो. सेव्हर्न, वाय, डी, ॲरन, वेल्समधली टीफी, आणि आपली थेम्स. त्यातही गोरिंग आणि पँगबोर्न ही दोन गावं चतुर पाहणाऱ्यांत या क्लबटेलसाठी ओळखली जातात. रेडिंगहून लोकल पकडली की काही मिनिटांत ही स्टेशनं येतात. आपल्यातले कितीतरी जण तिथे नदीकाठी फिरायला जातात, डबे घेऊन बसतात. तरीही हा चतुर पाहिलेला माणूस आपल्या मंडळात विरळाच.

यात दोष कोणाचाच नाही, त्याचं जगणंच तसं आहे. मादी नदीवर उडत उडत पाण्यात अंडी सोडते. अंड्यातून निघालेली अळी तळाच्या गाळात स्वतःला पुरून घेते आणि तीन ते पाच वर्षं तिथेच राहते. समोरून काही गेलं की तोंडाखाली दुमडून ठेवलेला जबडा झटक्यात पुढे फेकून भक्ष्य पकडते. शेवटी मे महिन्यातल्या एखाद्या उबदार सकाळी ती पाण्यातून वर येते, काठावरच्या गवताला, खाजकुयलीसारख्या चावणाऱ्या नेटलच्या पानाला, नाहीतर सरळ काँक्रीटच्या भिंतीलाच पकडून बसते. पाठ चिरते, आतून फिकट, मऊ चतुर बाहेर पडतो, पंख हळूहळू ताणले जातात, आणि थोड्याच वेळात तो झाडांच्या दिशेने निघून जातो. मग नदीपासून दूर रानात मोठा होतो, आणि वीण घालण्यापुरता पुन्हा पाण्यावर येतो. म्हणजे इतकी वर्षं पाण्याखाली, नंतरचे थोडे आठवडे झाडांच्या शेंड्यांवर. आपल्या नजरेला पडणार कधी?

मागे राहते ती कात. जेमतेम तीन सेंटिमीटर लांब, गाळाच्या रंगाची, बहुतेक वेळा चिखल वाळून बसलेली. पाय पानाला अजून घट्ट धरलेले असतात. पाठीवरच्या फटीतून चार-दोन पांढरे धागे बाहेर लोंबतात. हे धागे म्हणजे श्वासनलिकांची आतली अस्तरं, चतुर बाहेर पडताना तीही काढून टाकतो. भिंगातून पाहिलं तर डोळ्यांवरचं कवच, जबड्याची घडी, इतकंच काय, पुढे येणाऱ्या पंखांच्या चार पुड्याही दिसतात. मुलांच्या हातात एक कात आणि एक भिंग द्या, मोबाइल आपोआप खिशात जातो. हे आम्ही पाहिलेलं आहे.

मोजणीसाठी कातीइतका भरवशाचा पुरावा दुसरा नाही. उडणारा चतुर कुठूनही आलेला असू शकतो. कात सापडली की हा प्राणी याच ठिकाणी, याच पाण्यात वाढला, हे नक्की होतं. 1983 साली स्थापन झालेली ब्रिटिश ड्रॅगनफ्लाय सोसायटी स्वयंसेवकांकडून अशा नोंदी गोळा करते. क्लबटेलच्या मोजणीसाठी तर तिने वेगळं आवाहनही केलेलं आहे. तज्ज्ञ मोजके आणि नदी लांबच लांब, तेव्हा काठावर राहणाऱ्यांनीच हे काम करायचं असतं. काठावर आपण राहतो.

आता यात घाई कसली, तेही सांगायला हवं. ब्रिटनमध्ये चतुर आणि टाचण्या (चतुरांचे बारीक, नाजूक भाऊबंद, इंग्रजीत डॅमसेलफ्लाय) मिळून नियमित वीण करणाऱ्या जाती सुमारे 45 आहेत. भारतात पाचशेच्या आसपास असताना हा आकडा लहान वाटेल, पण म्हणूनच इथे एक जात गेली तरी ते लक्षात येतं. आणि गेलेल्या आहेत. 1953 च्या उत्तर समुद्राच्या महापुरात एसेक्सच्या किनाऱ्यावरची तळी खारट झाली आणि डेंटी डॅमसेलफ्लाय ही नाजूक टाचणी ब्रिटनमधून नाहीशी झाली. ती 2010 मध्ये केंटमधल्या शेपी बेटावर पुन्हा सापडली. नॉरफोकमधली एक टाचणी 1950 च्या दशकाच्या अखेरीस गेली, तिच्या जागा झाडोऱ्याने भरून गेल्या होत्या. डॉर्सेटमधल्या मूर्स नदीवरचा ऑरेंज-स्पॉटेड एमरल्ड हा चतुर 1963 नंतर ब्रिटनमध्ये दिसलेला नाही. त्या नदीत सांडपाणी गेलं, हे त्यामागचं मोठं कारण मानलं जातं. फ्रान्स-स्पेनमध्ये तो अजून आहे, इथे नाही.

या ठिकाणी एक माणूस आठवतो. फ्रेडरिक चार्ल्स फ्रेझर. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर. सह्याद्री आणि निलगिरीत हिंडून त्यांनी चतुर-टाचण्यांचा जो अभ्यास केला, त्याचे तीन खंड 1933 ते 1936 या काळात निघाले. आजही महाराष्ट्रात चतुरांवर काम करणारा प्रत्येक जण त्या खंडांपाशी जातोच. निवृत्तीनंतर ते बोर्नमथला राहिले, म्हणजे मूर्स नदीपासून अगदी जवळ. त्यांचं निधन 1963 सालचं, आणि त्या चतुराची शेवटची नोंदही त्याच सालची. आपल्या डोंगरांतले चतुर इंग्लंडहून आलेल्या माणसाने नोंदवून ठेवले. इंग्लंडच्या नदीवरचे चतुर आपण मराठी माणसांनी मोजायला काय हरकत आहे?

सगळंच वाईट चाललंय असं मात्र मुळीच नाही. सोसायटीच्या 2021 च्या अहवालानुसार 1970 पासून ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या चाळीस टक्क्यांहून अधिक जातींचा विस्तार वाढला आहे. हवा उबदार होत चालल्यामुळे दक्षिणेकडच्या जाती वर सरकत आहेत. स्मॉल रेड-आइड डॅमसेलफ्लाय ही टाचणी 1999 मध्ये पहिल्यांदा एसेक्समध्ये आली, आज ती दक्षिण इंग्लंडभर दिसते. पण त्याच उबेमुळे थंड दलदलीत राहणारे ब्लॅक डार्टर आणि कॉमन हॉकर हे चतुर मागे हटत आहेत. आणि नद्यांचं दुखणं वेगळंच. जोराचा पाऊस झाला की इंग्लंडमधल्या नद्यांत प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडलं जातं, हे बातम्यांत आपण सगळेच वाचतो. शिवाय थेम्सवर बोटींची वर्दळ. एखादी बोट वेगाने गेली की लाटा काठावर आदळतात आणि नुकताच बाहेर पडत असलेला, पंख ओले असलेला चतुर पाण्यात पडतो. काठ काँक्रीटने बांधले, गवत मुळापासून कापलं, की त्याला चढायलाही जागा राहत नाही. आपल्या पट्ट्यात काठाच्या कुठल्या भागात काती सापडतात आणि कुठल्या भागात एकही नाही, एवढं जरी दरवर्षी कागदावर आलं, तरी मे महिन्यात गवत कापू नका असं सांगायला हातात काहीतरी असेल. आज आपण नुसतं तोंडी सांगू शकतो, आणि तोंडी सांगितलेलं कोणी टिपून घेत नाही.

क्लबटेल शोधताना दिसतील इतरही पुष्कळ. बँडेड डेमॉझेल ही टाचणी तर हमखास. नराच्या प्रत्येक पंखावर गडद निळा ठसा, मादी हिरवी, आणि उडणं फुलपाखरासारखं लहरत. आपल्याकडच्या सह्याद्रीतल्या ओढ्यांवर धातूसारखे हिरवे पंख चमकवत बसणारी जी टाचणी आहे, ती याच कुळातली. जूननंतर कधी कधी रेड-व्हेन्ड डार्टर हा लाल चतुर दक्षिण युरोपातून उडत येतो, तो तर पश्चिम घाटातही आहे. तेव्हा ज्यांचे आई-बाबा उन्हाळ्यात भारतातून येणार आहेत, त्यांनी त्यांना जरूर घेऊन यावं. विहिरीवर, भातखाचरांत चतुर पाहत वाढलेली ही पिढी आहे. आपल्याला दिसत नाही ते त्यांना दिसतं, आणि नातवंडांना सांगण्यासारखंही त्यांच्याकडे बरंच असतं.

आता तळ्याबद्दल. कम्युनिटी गार्डनच्या समितीने कोपऱ्यातली उन्हाची जागा द्यायचं कबूल केलं आहे. तळं फार मोठं नसेल. एका बाजूला उतार हवा, म्हणजे हेजहॉग (इथला काटेरी अंगाचा छोटा प्राणी) वा बेडूक आत पडला तरी बाहेर येईल. मासे अजिबात सोडायचे नाहीत, मासे चतुरांच्या अळ्या खातात. नळाचं पाणी भरायचं नाही, पावसाचंच साठू द्यायचं, कारण नळाच्या पाण्यातल्या क्षारांनी शेवाळं माजतं. वनस्पती इथल्याच, त्याही खात्रीच्या रोपवाटिकेतून आणलेल्या. कृपा करून कोणीही घरच्या टाकीतली किंवा दुसऱ्या तळ्यातली वनस्पती आणून टाकू नये. न्यूझीलंड पिग्मीवीड नावाची एक वनस्पती अशीच पसरली आणि तळीच्या तळी झाकून टाकू लागली, म्हणून 2014 पासून इंग्लंडमध्ये तिची विक्री बंद आहे. तळं नीट झालं की चतुर आणावे लागत नाहीत, ते स्वतःहून येतात. नव्या तळ्यावर बहुधा सर्वांत आधी ब्रॉड-बॉडीड चेसर येतो, रुंद निळसर पोटाचा. क्लबटेल मात्र तळ्यावर वीण करणार नाही, त्याला नदीच हवी. म्हणून दोन्ही कामं एकत्र काढली आहेत.

ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांना एक वेगळी विनंती. पिसवांसाठी कुत्र्याच्या मानेवर जे थेंब टाकतात, त्यांतल्या काही औषधांत फिप्रोनिल हे कीटकनाशक असतं. ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 मध्ये इंग्लंडमधल्या वीस नद्यांच्या पाण्याची माहिती तपासली, तेव्हा जवळजवळ सगळ्या नमुन्यांत ते सापडलं. औषध टाकू नका असं आम्ही म्हणत नाही, ते तुमच्या पशुवैद्यांना विचारून ठरवा. औषध टाकल्यावर पुढचे काही दिवस कुत्र्याला नदीत किंवा तळ्यात उतरू देऊ नका, एवढं सगळ्यांना जमेल.

मोजणीचं काम असं. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी मंडळाच्या हॉलमध्ये तासाभराची तोंडओळख. कात ओळखायची कशी, फोटो कसा काढायचा, आयरेकॉर्ड या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद कशी भरायची. आधीचं काहीही ज्ञान लागत नाही. मग मे महिन्याच्या प्रत्येक शनिवारी आणि रविवारी सकाळी छोट्या गटांनी काठाचा ठरलेला तुकडा चालायचा. प्रत्येकाने निदान एक सकाळ द्यावी. तोच तुकडा दोन-तीनदा चालणारं कोणी मिळालं तर फारच उत्तम, कारण मोजणी एकाच पद्धतीने, त्याच जागी झाली तरच पुढच्या वर्षीशी तुलना करता येते. पाण्यात कोणी उतरायचं नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पूर्ण पँट घाला, नेटल भाजतं. मुलांना लाइफ जॅकेटशिवाय काठावर घेणार नाही, आणि प्रत्येक मुलाबरोबर घरचं मोठं माणूस हवं. परत आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. बाहेर पडत असलेला जिवंत चतुर दिसला तर त्याला हात लावू नका, लांबूनच पाहा. उचलायची ती फक्त रिकामी कात.

पैशांचं म्हणाल तर एकूण नऊशे पौंडांची गरज आहे. त्यातला मोठा भाग तळ्याच्या रबरी अस्तराला आणि वनस्पतींना लागेल. उरलेल्यात मुलांची लाइफ जॅकेटं, भिंगं आणि काती ठेवायच्या डब्या. खणायला मजूर लावणार नाही, ते आपणच करू. पाच पौंडही चालतील, आणि ज्यांच्याकडे मुलांना लहान झालेलं पण धड स्थितीतलं लाइफ जॅकेट पडून आहे त्यांनी ते दिलं तर तेवढा खर्च वाचेल. फावडी आणि ढकलगाड्या उसन्या मिळाल्या तर हव्याच आहेत. देणगी मंडळाच्या नेहमीच्या खात्यात भरा, संदर्भात ‘चतुर’ लिहा. जमाखर्च दिवाळीच्या कार्यक्रमात सगळ्यांसमोर ठेवू. पैसे जास्त जमले तर ते पुढच्या वर्षीच्या मोजणीसाठीच राखून ठेवू, दुसरीकडे वळवणार नाही.

यायचं असेल त्यांनी मंडळाच्या गटावर आपलं नाव, सोबत किती मुलं, आणि शनिवार की रविवार सोयीचा, हे 20 एप्रिलपर्यंत कळवावं. गाडी नसलेल्यांनी तसं लिहा, पँगबोर्न स्टेशनपासून सगळे एकत्र चालत जाऊ. चहाचा थर्मास निसर्ग गट आणेल, खाणं ज्याचं त्याने आणावं.

आपला,
निसर्ग गट