पहिल्या पगारापर्यंतच नव्हे, पुढेही सोबत हवी: प्रशिक्षण स्वयंपाकघरासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार,

दिव्यांग तरुण-तरुणींना नोकरीसाठी तयार करणारं आमचं स्वयंपाकघर विक्रीवर चालतं. मागणी घ्यायची, माल बनवायचा, वेळेत पोचवायचा. आलेल्या पैशांतून कच्चा माल, वीज आणि शिकणाऱ्यांचं विद्यावेतन भागतं. एका खर्चाला मात्र ही विक्री पुरत नाही: नोकरी लागल्यावर नव्या जागी सोबत जाणाऱ्या प्रशिक्षकाच्या, म्हणजे जॉब कोचच्या, पगाराला. त्यासाठीच हे आवाहन आहे.

खाद्यव्यवसाय आम्ही विचार करून निवडला. इथे बरीचशी कामं रोज त्याच क्रमानं होतात, आणि बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेल्या अनेकांना ठरलेला क्रम मानवतो. हात धुण्याचंच घ्या. आपण ते न विचार करता करतो. शिकवताना त्याच्या पायऱ्या पाडाव्या लागतात. हात ओले करा, साबण लावा, तळवे चोळा, मग बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं, मग धुवा आणि कोरडे करा. प्रत्येक पायरीचं चित्र बेसिनवर लावलेलं असतं. कोणाची कुठली पायरी सुटते ते लिहून ठेवायचं आणि तेवढीच पुन्हा शिकवायची. वजन करणं, चिरणं, लेबल लावणं हेही याच रीतीनं. कच्च्या आणि शिजवलेल्या पदार्थांसाठी वेगळ्या रंगांचे चॉपिंग बोर्ड असले, की वाचता न येणाऱ्यालाही फरक कळतो. शिजवलेलं अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम किंवा ५ अंशांच्या खाली थंड ठेवावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आकडे लक्षात राहत नसतील, तर थर्मामीटरवरच्या खुणा लक्षात राहतात.

दृष्टिहीन व्यक्तीला बोलणारा वजनकाटा लागतो, कर्णबधिर व्यक्तीला दिवा लागणारा किंवा थरथरणारा टायमर, व्हीलचेअरवर बसून काम करणाऱ्याला खाली गुडघे जातील असं टेबल. या सोयी म्हणजे मेहेरबानी नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारानं कलम २७ मध्ये कामाच्या ठिकाणी असे बदल करून मिळणं हक्काचं मानलं आहे. त्याच कलमात सर्वांना खुल्या असलेल्या रोजगाराची हमी मागितली आहे. म्हणूनच एखादी व्यक्ती वर्षानुवर्षं आमच्याकडे ‘प्रशिक्षणार्थी’च राहिली, तर त्याला आम्ही यश म्हणणार नाही. तिनं इथून बाहेर पडावं, दुसऱ्या हॉटेलात, कॅन्टीनमध्ये, बेकरीत पूर्ण पगारावर रुजू व्हावं.

खरी कसोटी तिथेच लागते. नव्या जागी भांडी वेगळ्या फळीवर असतात, गर्दीच्या वेळी आवाज चढलेले असतात, ठरलेलं काम मध्येच बदलतं. इथे उत्तम काम करणारी व्यक्ती तिथे गोंधळते आणि काही दिवसांत घरी बसते. हे टाळायला जॉब कोच सोबत जातो. सुरुवातीला पूर्ण पाळी, मग काही तास, मग अधूनमधून एखादी फेरी. तो नव्या सहकाऱ्यांनाही शिकवतो: एका वेळी एकच सूचना द्या, कर्णबधिर सहकाऱ्याशी समोर येऊन बोला, चूक झाली तर काम हातातून काढून घेऊ नका. या काळात कोच आमच्यासाठी विकण्याजोगं काहीच बनवत नाही, त्यामुळे त्याचा पगार विक्रीतून निघणं शक्य नाही. आम्हाला सर्वांत आधी हवी आहे ती या पगारासाठी देणगी. रक्कम लहान असली तरी दरमहा येणारी असेल तर फार उपयोगी पडेल, कारण कोचला मधेच थांबवता येत नाही.

तुमचा खाद्यव्यवसाय असेल, तर एका उमेदवाराला काही दिवस अर्ध्या पाळीसाठी घेऊन बघा. कार्यालयं आणि संस्था नेहमीची मागणी देऊ शकतात. मात्र माल आवडला तरच द्या, दयेपोटी नको. चालू स्थितीतली यंत्रं आणि मोठी भांडीही चालतील. वेळ देणार असाल, तर आठवड्यातून एकदाच या, पण नेमानं या. दर वेळी नवा चेहरा आला, की शिकणाऱ्यांची घडी विस्कटते.

देणगीदारांसोबत फोटोसाठी प्रशिक्षणार्थींना उभं करण्याची प्रथा आम्ही ठेवलेली नाही. कोचच्या पगाराचा हिशेब वेगळा ठेवला जातो आणि प्रत्येक देणगीदाराला तो पाहता येतो. देणगी देण्याआधी एकदा येऊन काम जरूर बघा. सकाळचा माल बाहेर पडेपर्यंत कोणालाच बोलायला सवड नसते, म्हणून दुपारनंतर यावं, ही विनंती.

आपले,
कार्यकारी मंडळ