पिक्चर ट्यूबची काच नेमकी द्यायची कुणाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात ई-कचरा गोळा करणाऱ्या गाडीची बातमी आली होती, फोटोपण मस्त होता, पण त्या फोटोत एकही जुना पिक्चर ट्यूबवाला डबा टीव्ही दिसला नाही आणि त्याचं कारण मला माहितीये म्हणून लिहितोय. ती गाडी आमच्याही कॉलनीत आलेली. मी दोन 21 इंची टीव्ही आणि कॉम्प्युटरचा एक जुना ट्यूबवाला मॉनिटर हातगाडीवर घालून घेऊन गेलो तर गाडीवरचा पोरगा म्हणाला, "काका, मोबाईल, लॅपटॉप, चार्जर काहीपण द्या, पण हे नको, ट्यूबचा माल पुढं कुणी घेत नाय." त्या पोराला बोलून काय उपयोग, त्याला वरून जे सांगितलं तेच तो करणार.

मी 31 वर्षं टीव्ही रिपेअरिंग केलंय, त्यामुळे पुढं काय होतं ते सांगतो. गाडीवाला घेत नाही पण भंगारवाला घेतो. त्याला टीव्ही नकोच असतो, त्याला हवं असतं ते मागच्या योकचं, म्हणजे ट्यूबच्या मानेभोवतीच्या कॉइलचं, तांबं. मग तो नेक, म्हणजे ट्यूबची मागची बारीक मान, तोडतो, आत व्हॅक्यूम असतो त्यामुळे सुस्स करून हवा शिरते (नेक न तोडता डायरेक्ट समोर हातोडा मारला तर काचा अंगावर उडतात, हे त्यालाही अनुभवानं कळलेलं असतं), योक ओढून काढतो, बोर्ड काढतो, प्लॅस्टिक वेगळं करतो आणि काच जाते ओढ्याच्या कडेला. स्क्रीनच्या आतल्या बाजूला जी बारीक पावडर असते ना, तिच्यात बोटं फिरवून पोरं हात पांढरे करून घेताना मी स्वतः बघितलंय. ते स्क्रीनवर चित्र उजळवणारं फॉस्फर असतं, झिंक सल्फाइड वगैरे, लाल रंगासाठी यट्रियम आणि युरोपियम, आणि फार जुन्या ट्यूबमध्ये कॅडमियमसुद्धा. आणि मागच्या नरसाळ्यासारख्या भागाच्या काचेत वजनाचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त शिशाचा ऑक्साइड. तो उगाच घातलेला नाही, आत वीस-पंचवीस हजार व्होल्ट खेळत असतात, त्यातून निघणारे एक्स-रे अडवायला शिसं घालतात. समोरच्या काचेत शिसं घातलं तर ती हळूहळू तपकिरी पडते म्हणून तिथं त्याच कामाला बेरियम आणि स्ट्रॉन्शियम वापरतात.

म्हणजे एकाच ट्यूबमध्ये दोन वेगळ्या जातीच्या काचा आहेत आणि सगळा खेळ त्या वेगळ्या करण्याचा आहे. त्याला मशीन आहे, आणि फार अवघड मशीन नाहीये. दोन काचांच्या जोडावर चर पाडायची, भोवती नायक्रोमची तार आवळून करंट सोडायचा, तार लाल झाली की गार हवा मारायची, टक् करून काच जोडावरच तडकते. गरम ग्लासात थंड पाणी ओतल्यावर होतं तसंच. कुठं हिऱ्याच्या ब्लेडनं कापतात, कुठं लेझरनं. मग समोरचा भाग उचलून आतली पावडर व्हॅक्यूमनं ओढून फिल्टरमध्ये घ्यायची. मोठ्या प्लांटमध्ये तर अख्खी ट्यूब फोडून एक्स-रे सेन्सरनं शिशाचे तुकडे आणि बिनशिशाचे तुकडे वेगळे पाडतात. हे सगळं हूड आणि मास्क लावून करायचं काम आहे, पण आपल्याकडं कुठल्याही एमआयडीसीत होईल इतकं साधं आहे.

मग अडलंय कुठं? अडलंय काच विकण्यात. पूर्वी जुन्या ट्यूबची काच वितळवून नवीन ट्यूब बनायची. आपल्या औरंगाबादच्या व्हिडिओकॉनचा गुजरातमध्ये भरूचला काचेचा कारखाना होता, अमेरिकेतून सुद्धा जुनी काच तिथं यायची, जगातल्या शेवटच्या अशा कारखान्यांपैकी तो एक. सपाट टीव्ही आले, ट्यूब बनायच्या बंद झाल्या आणि तो रस्ता बंद झाला. अमेरिकेत ओहायो राज्यात कोलंबस शहरातल्या गोदामांमध्ये हजारो टन काच तशीच टाकून कंपनी गायब झाली होती, म्हणजे हे फक्त आपल्याकडं होतं असं नाही.

आता या काचेला उरलंय काय, तर शिशाची भट्टी. बॅटरीचं शिसं गाळणाऱ्या भट्टीत ही काच फ्लक्स म्हणून (म्हणजे माल नीट वितळावा म्हणून) थोडी थोडी घालता येते, शिसंही थोडं परत मिळतं. पण वाहतुकीचा खर्चच एवढा की कुणी फुकट न्यायलापण तयार नाही. आणि आपला 2022 चा ई-कचऱ्याचा नियम, जो 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे, त्यात कंपन्यांना जुना माल रिसायकल केल्याची सर्टिफिकेटं विकत घ्यावी लागतात हे चांगलंय, पण ती सर्टिफिकेटं निघतात सोनं, तांबं, लोखंड आणि ॲल्युमिनियम या चार धातूंवर. शिशाच्या काचेवर शून्य. मग रिसायकलवाला योकचं तांबं, आतली जाळी आणि बोर्ड घेऊन काच कशाला सांभाळेल? भंगारवाला आणि लायसनवाला दोघांचा हिशोब एकच झाला की!

माझं म्हणणं एवढंच की ट्यूबच्या काचेला वजनावर पैसे लावा, दोन-तीन जिल्ह्यांत मिळून एक कापायचं मशीन बसवा, आणि भंगारवाल्याला न फोडलेल्या ट्यूबमागं पन्नास रुपये का होईना द्या, तो नेक सुद्धा न तोडता आणून देईल, त्याला बरोब्बर जमतं ते. टीव्ही संपत आलेत म्हणून प्रश्न आपोआप संपेल असं कुणी म्हणू नये, माळ्यावर बघा किती पडलेत. (आणि ट्यूबनंतरचे जे जुने सपाट मॉनिटर आलेत त्यांच्या बॅकलाइटच्या नळ्यांत पारा असतो, पण ते पत्र परत कधीतरी.)

माझ्या दुकानाच्या पोटमाळ्यावर आत्ता 11 ट्यूब आहेत. रोज भंगारवाला विचारतो, मी नाही म्हणतो. माझा पोरगा म्हणतो दुकान भाड्यानं देऊ, आधी ते काढा. तर ती काच खरोखर कापून शिशाच्या भट्टीपर्यंत पोचवणारा महाराष्ट्रात कुणी असेल तर त्याचा पत्ता तुमच्या पेपरात छापा, टेम्पोचं भाडं मी देतो.

– एक जुना टीव्ही मेकॅनिक, मिरज