माना डोलावणाऱ्या बैठकीविषयी

चि. अमेय यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नव्या टीमची जबाबदारी तुझ्याकडे आल्यापासून तुझी एकच तक्रार ऐकते आहे, की बैठकीत सगळे माना डोलावतात आणि आठवड्याने पाहावे तर काम होते तिथेच असते. फोनवर याचे उत्तर नेहमी अर्धवट राहते, म्हणून सविस्तर लिहिते आहे. तुझे क्षेत्र सॉफ्टवेअरचे आणि माझी सारी नोकरी सहयोगिनीची, म्हणजे गावोगाव महिलांचे बचत गट बांधण्याची. तरीही दहा-पंधरा माणसे एका कामासाठी एकत्र बसली की त्यांच्यात जे घडते, ते गावच्या समाजमंदिरात आणि तुझ्या ऑफिसात फारसे वेगळे नसते, अशी माझी खात्री आहे.

आधी त्या माना डोलावण्याविषयी. बैठकीतली शांतता म्हणजे संमती, असे तू धरून चालला आहेस, आणि मूळ अडचण तिथेच आहे. गटात अंतर्गत कर्ज कोणाला आधी द्यायचे हा विषय निघाला, की जिच्या घरची शेती मोठी किंवा जिचे वय जास्त, ती बहुधा पहिली बोलते. तिचे बोलणे झाले की उरलेल्या जणी "तुम्ही म्हणाल तसं" म्हणून मोकळ्या होतात. सासू आणि सून एकाच गटात असल्या, तर सुनेचे खरे मत मला बैठकीत क्वचितच कळायचे. ते कळायचे परतीच्या वाटेवर, एसटीच्या थांब्यापर्यंत ती सोबत चालत आली तर. त्या मुलीला मत नव्हते असे नाही, मत मांडण्याची किंमत तिला घरी जाऊन मोजावी लागणार होती. तुझ्या टीममधल्या ज्यांचे अप्रेझल तुझ्या हातात आहे, त्यांनी तुझ्यासमोर गप्प राहणे यापेक्षा निराळे आहे का, याचा विचार कर.

आणि हा दोष काही आपल्याकडच्या भिडस्तपणाचा नाही. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत १९५१ च्या सुमारास महाविद्यालयीन तरुणांवर एक प्रयोग केला. दिलेल्या रेषेच्या लांबीची रेषा तीन रेषांमधून ओळखायची, इतके सोपे काम. मात्र खोलीतले बाकीचे सगळे आधीच ठरवून एकमुखाने चुकीचे उत्तर देत. अशा वेळी सुमारे तीन चतुर्थांश तरुणांनी, डोळ्यांना स्पष्ट दिसत असूनही, एकदा तरी इतरांच्या चुकीला दुजोरा दिला. या प्रयोगातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट मात्र पुढची आहे : खोलीत खरे उत्तर देणारा आणखी एक जरी माणूस बसवला, तरी इतरांमागे जाण्याचे प्रमाण एकदम घटले. म्हणून टीममध्ये वेगळे मत पहिल्यांदा मांडणाऱ्याला तू काय उत्तर देतोस, याकडे बाकी सगळ्यांचे लक्ष असते. त्याला तू तोडलेस, तर त्याच्याबरोबर इतर चार-पाच जणांची मतेही त्या दिवशी कायमची मिटतात.

मी गटांमध्ये एक साधी पद्धत पाडली होती. गोलात बसायचे, आणि बोलण्याची सुरुवात गटात सर्वांत शेवटी आलेल्या बाईपासून करायची. अध्यक्ष आणि सचिव अखेरीस बोलणार. तुझ्या बैठकीत तू सुरुवातीलाच "मला वाटतं आपण असं करू" म्हणतोस, हे तूच मला सांगितले होतेस. तुझे मत तू शेवटी सांग. ते लपवून ठेव असे मी म्हणत नाही, फक्त इतरांची मते तयार होण्याआधी ते टेबलावर ठेवू नकोस.

याच्या पुढची पायरी गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड आदिवासी गावाने गाठली आहे. सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्यांचा हक्क मान्य झाला. गावचे देवाजी तोफा आणि त्यांच्या सोबतीने काम करणारे कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे गावाचे नाव सर्वदूर पोहोचले. तिथे अभ्यासगट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात विषय सर्व बाजूंनी तपासायचा, पण निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेचा, आणि तोही बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने, मग त्याला लागायचा तेवढा वेळ लागो. जिथे निर्णय होणारच नाही हे ठाऊक असते, तिथे माणूस शंका मोकळेपणाने काढतो, कारण हरण्या-जिंकण्याचा प्रश्नच उरत नाही. तू एकाच तासात चर्चाही उरकतोस आणि निर्णयही. महत्त्वाच्या विषयापुरत्या तरी या दोन बैठका वेगळ्या कर, आणि मध्ये निदान एक रात्र जाऊ दे. सर्वसहमतीचा आग्रह ऑफिसात प्रत्येक वेळी धरता येणार नाही, हे मला समजते. डिलिव्हरीच्या तारखा जंगलाच्या गतीने चालत नाहीत.

असे केल्यावर टीममध्ये वाद वाढतील. त्याने खचू नकोस. बचत गटाचे पहिले काही महिने गोडीगुलाबीचे असतात, आणि पहिले कर्ज वाटायची वेळ आली की भांडणे सुरू होतात. त्या टप्प्याला आमच्याकडच्या नव्या सहयोगिनी फार घाबरत आणि गट मोडतो आहे असा निष्कर्ष काढत. वास्तविक त्याच वेळी गट खऱ्या अर्थाने बनू लागलेला असतो, कारण पैसा पणाला लागल्यावरच नियम कोणते हवेत हे बायकांना कळते. ब्रूस टकमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये गटाच्या वाढीचे टप्पे मांडले, त्यातही एकत्र येण्यानंतर आणि नियम रुळण्याआधी संघर्षाचा टप्पा येतोच. तो टाळणारा गट पहिल्याच टप्प्यावर अडकून पडतो, आणि तुझी टीम नेमकी तिथे अडकली आहे असे मला वाटते.

काम पुढे न सरकण्याचे दुसरे कारण अधिक सरळ आहे. गटाच्या पंचसूत्रीत नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब लेखन येते; त्यातला हिशेब आम्ही प्रत्येकीच्या नावानिशी सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवत असू. जिथे प्रत्येकाचा वाटा वेगळा ओळखता येत नाही, तिथे माणसे नकळत ढिली पडतात, हे मानसशास्त्रज्ञांनीही वारंवार तपासून पाहिले आहे. "आपण सगळे मिळून बघू" असे इतिवृत्तात लिहिलेले काम कोणाचेच नसते. प्रत्येक कामापुढे एक नाव आणि एक तारीख लिही, आणि पुढच्या बैठकीत सर्वांत आधी तीच यादी वाच, तीही तुझ्या स्वतःच्या नावापासून.

शेवटचे, तुझ्या टीममधल्या त्या मुलाविषयी, जो बैठकीत गप्प असतो आणि नंतर तुला एकट्याला लांबलचक मेसेज पाठवतो. त्याच्यावर चिडू नकोस. बैठकीत सर्वांसमोर त्याचे नाव घेऊन "तू काल म्हणाला होतास ना" असे तर मुळीच म्हणू नकोस, नाहीतर तो मेसेज पाठवणेही थांबवेल. त्याऐवजी पुढच्या बैठकीच्या आदल्या दिवशी सगळ्यांकडूनच दोन-चार ओळींत लेखी मते मागव आणि ती नावांशिवाय वाचून चर्चा सुरू कर. त्या दिवशी कोण काय बोलले, ते मला रविवारी फोनवर सांग.

तुझी,
आई