दोन बॅटऱ्यांच्या गाडीत चार वेळा एकच बॅटरी तपासल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. प्रमुख,
ग्राहक सेवा विभाग

विषय : गाडी सकाळी चालू न होणे, स्टार्ट-स्टॉपमध्ये बंद पडलेले इंजिन पुन्हा न लागणे आणि वर्कशॉपने छोटी बॅटरी एकदाही न तपासणे.

महोदय,

मी घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यात शेती करतो. तुमची डिझेल गाडी मागच्या दसऱ्याला यवतमाळच्या तुमच्या अधिकृत शोरूममधून घेतली. गाडीची वॉरंटी अजून चालू आहे. विकताना सेल्समनने मला दोन्ही बॅटऱ्या दाखवल्या होत्या. मोठी बोनेटखाली, छोटी ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली. गाडी उभी करून न्यूट्रलला टाकली आणि क्लच सोडला की इंजिन आपोआप बंद होतं, क्लच दाबला की लागतं, डिझेल वाचतं, यालाच स्टार्ट-स्टॉप म्हणतात, असं त्याने चालवूनही दाखवलं. म्हणजे दोन बॅटऱ्या आहेत हे विकणाऱ्याला ठाऊक होतं. दुरुस्त करणाऱ्याला ते एकदाही आठवलं नाही, आणि माझी सगळी तक्रार या एका गोष्टीची आहे.

एप्रिलमध्ये पहिल्यांदा सकाळी सेल्फ मारला तर नुसती टकटक. ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून जम्पर लावून गाडी काढली. वर्कशॉपने मोठी बॅटरी चार्ज करून दिली आणि जॉब कार्डवर 'ओके' लिहिलं. मे महिन्यात पुन्हा तेच. या वेळी मोठी बॅटरी वॉरंटीत बदलून मिळाली. जुलैमध्ये नवीही उतरली. तेव्हा मला सांगितलं की गाडी कमी चालते म्हणून बॅटरी उतरते, हे वॉरंटीत बसत नाही. मी ८,९०० रुपये भरून तिसरी बॅटरी घेतली. बिलावर स्टार्ट-स्टॉप गाडीची बॅटरी असं लिहिलं आहे. प्रत्यक्षात बसवलेल्या बॅटरीवर ना ईएफबी लिहिलं आहे, ना एजीएम, म्हणजे स्टार्ट-स्टॉपला चालणाऱ्या दणकट बॅटऱ्यांचं एकही नाव नाही. साधी बॅटरी आहे. दिवसातून वीस वेळा इंजिन लावायचं काम साध्या बॅटरीला झेपत नाही, हे मला तुमच्याच माहितीपुस्तिकेत वाचायला मिळालं.

गाडी कमी चालते हे म्हणणं मी पूर्ण खोटं म्हणत नाही. रोजचा माझा फेरा घाटंजीपर्यंतचा, नऊ किलोमीटरचा. एवढ्यात बॅटरी भरत नाही हे मलाही कळतं. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि उन्हाने बॅटरीचं आयुष्य घटतं, हेही खरं. पण आठवड्यातून एकदा तरी मी यवतमाळला जाऊन येतो, जाण्यायेण्याचे ऐंशीएक किलोमीटर होतात. तेवढं चालूनही नवी कोरी बॅटरी दीड-दोन महिन्यांत का मरते, हा प्रश्न तिथल्या एकाही माणसाने स्वतःला विचारला नाही. पहिली मेली तर दुसरी बसवा, दुसरी मेली तर तिसरी.

यानंतरचं लिहिताना अजूनही हात थरथरतो.

पोळ्यानंतरच्या आठवड्यात आमचा सालगडी पऱ्हाटीवर फवारणी करून आला आणि धुऱ्यावरच बसला. घाम, उलट्या, डोळ्यांपुढे अंधारी. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने आमच्या जिल्ह्यात किती घरं उघडी पडली ते आम्ही विसरलेलो नाही. त्यामुळे एक मिनिट न दवडता त्याला गाडीत घातलं आणि यवतमाळचा रस्ता धरला. शहरात शिरताना संध्याकाळ, पाऊस, गाड्यांची रांग. दिवे, वायपर, पंखा सगळं चालू. रांगेत मी सवयीने न्यूट्रल करून क्लच सोडला. नवी बॅटरी असल्यामुळे त्या आठवड्यात स्टार्ट-स्टॉप चालू झालं होतं. इंजिन बंद झालं. रांग हलली, मी क्लच दाबला, तर समोरचा सगळा डिस्प्ले काळा झाला. एकदा टक वाजलं आणि गाडी मेली. मागे भोंगे, मागच्या सीटवर तो कण्हतो आहे, त्याची बायको रडते आहे. एका ऑटोवाल्याने त्याला उचलून नेलं म्हणून तो वेळेत दवाखान्यात पोचला. तो बरा आहे, आता वेचणीलाही येतो. पण त्या वेळी तुमच्या गाडीने त्याला रस्त्यात सोडलं.

चौथ्यांदा गाडी टो करून वर्कशॉपला नेली. उत्तर मिळालं : "गाडी चालू केली की ते बटन दाबून स्टार्ट-स्टॉप बंद करत जा." एवढंच. गाडीतला बिघाड वाचणारा स्कॅनर लावला होता का, त्यावर काय कोड आले, छोटी बॅटरी बघितली का, यातलं काहीही जॉब कार्डवर नाही. जी सोय दाखवून गाडी विकली, ती बंद ठेवा म्हणणं ही दुरुस्ती नव्हे.

शेवटी मी पांढरकवड्याच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनला घरी बोलावलं. त्याच्याकडे स्कॅनर नव्हता, दोन मीटर होते. आधी इंजिन चालू ठेवून मोठ्या बॅटरीवर व्होल्टेज बघितलं, १४.२. म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर चांगला. मग गाडी बंद केली, सीट सरकवून छोट्या बॅटरीची केबल सोडवली, गाडी लॉक केली आणि आतले संगणक झोपेपर्यंत चाळीस मिनिटं थांबला. त्यानंतर गाडी किती करंट खाते ते मोजलं, ३० मिलिअँपिअर. पन्नासपर्यंत चालतं, म्हणजे कुठे गळती नाही. मग त्याने दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या चार्ज केल्या आणि रात्रभर तशाच ठेवल्या. सकाळी मोठी १२.६ व्होल्टवर होती. छोटी १०.५ वर.

त्याने मला हे मातीत काडीने लिहून समजावलं. बॅटरीत सहा सेल, एकेक २.१ व्होल्टचा, सहांचे १२.६. एक सेल मेला की पाचांचे १०.५. छोटीतला एक सेल मेलेला आहे. गाडी उभी असते तेव्हा या गाडीत दोन्ही बॅटऱ्या एकमेकींना जोडलेल्या राहतात, म्हणून मेलेली छोटी रात्रभर चांगल्या मोठीतला चार्ज ओढते. त्याच्या शब्दांत, "भाऊ, मोठी खराब नाई, छोटी तिले खाऊन रायली." त्या दिवशी रांगेत काय झालं तेही त्याने सांगितलं. स्टार्ट-स्टॉपमध्ये इंजिन बंद असताना आणि पुन्हा लागताना दिवे, डिस्प्ले, संगणक हा सगळा भार छोटीवर टाकून मोठीला फक्त सेल्फसाठी मोकळी ठेवतात. छोटीच मेलेली असेल तर क्लच दाबताक्षणी संगणकच झोपतो आणि सेल्फला सांगणारं कुणी उरत नाही. बॅटरी किती भरली आहे ते बघणारा सेन्सर मोठीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर बसवलेला, त्याला मोठी नवी आणि भरलेली दिसली, म्हणून त्याने इंजिन बंद करायला परवानगी दिली.

त्याने छोटीची केबल काढून टेप गुंडाळून ठेवली. त्या दिवसापासून आज तीन आठवडे झाले, त्याच साध्या बॅटरीवर गाडी रोज पहिल्या सेल्फला लागते. फक्त स्टार्ट-स्टॉपचा पिवळा दिवा जळत राहतो, तो जळणारच. ज्या कामाला तुमच्या वर्कशॉपला सहा महिने आणि माझे ८,९०० रुपये पुरले नाहीत, ते त्याने दोन मीटर आणि एका रात्रीत केलं. त्याने आणखी एक विचारलं : मोठी बॅटरी दोनदा बदलली तेव्हा नव्या बॅटरीची नोंद गाडीच्या संगणकात केली का? मी वर्कशॉपला फोन करून विचारलं. "ते आपोआप होते" असं उत्तर मिळालं. तुमच्या माहितीपुस्तिकेत मात्र ही नोंद अधिकृत वर्कशॉपमधून करून घ्यावी असं लिहिलं आहे. त्याच फोनवर मला हेही ऐकवलं की बाहेरच्या माणसाने हात लावला, आता वॉरंटी जाईल. त्याने एक केबल सोडवली आणि माप घेतलं, यापलीकडे काही केलं नाही.

माझं मागणं असं आहे. छोटी बॅटरी वॉरंटीत बदलून द्यावी आणि मोठीच्या जागी स्टार्ट-स्टॉपला लागणारी योग्य बॅटरी बसवावी. दोन्हींची नोंद संगणकात करून, दोन्ही वेगवेगळ्या करून लोडवर तपासल्याचे आकडे मला लेखी द्यावेत. दोन्ही बॅटऱ्या जोडणारा-तोडणारा रिलेही तपासावा, कारण इतके महिने मेलेल्या बॅटरीचा भार त्याने सोसला आहे. ८,९०० रुपये आणि टोचा खर्च परत करावा. आणि तुमच्या सर्व वर्कशॉपना लेखी कळवावं की या गाडीची बॅटरीची तक्रार आली तर सीटखालची बॅटरी आधी सोडवून मोजायची. हे शेवटचं मागणं माझ्या एकट्यासाठी नाही. आमच्या तालुक्यात तुमच्या आणखीही गाड्या आहेत आणि खेड्यात रात्री-अपरात्री अनेकदा शेजाऱ्याची गाडी हीच ॲम्ब्युलन्स असते.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. मला ते करायचं नाही. वेचणीच्या दिवसांत तारखा घ्यायला मला वेळ नाही, मला गाडी दुरुस्त हवी आहे.

चारही जॉब कार्डं, बिल, दोन्ही बॅटऱ्यांवरच्या मीटरचे फोटो आणि बसवलेल्या बॅटरीच्या लेबलचा फोटो सोबत जोडले आहेत. छोटी बॅटरी अजून सीटखालीच आहे, केबल काढलेली. तुमचा माणूस येणार असेल तर सकाळी सातच्या आत पाठवा. रात्रभर उभ्या गाडीचं माप तेव्हाच खरं मिळतं.

आपला,
एक ग्राहक
ता. घाटंजी, जि. यवतमाळ