जॅकेटला तेल पाजू नकोस

कोल्हापूर,
१८ जुलै

प्रिय सुन्या,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं, फोटोही बघितले. चामड्याचं नवं जॅकेट देखणं आहे. पण परत पाठवायची वेळ आली तर म्हणून लेबल अजून काढू नकोस, आणि काकूंनी दिलेली एरंडेलाची बाटली आधी कपाटात परत ठेव. ‘आपली चप्पल तेलानं मऊ होते, मग जॅकेट का नाही?’ असं विचारलंयस. माझ्याकडे झिप बदलायला येणारे बरेच जण हेच विचारतात, आणि काहींनी तर विचारायच्या आधीच चोपडलेलं असतं. कोल्हापूरकराला चामड्यातलं सगळं कळतं, अशी आपली समजूतच आहे ना!

आपल्या चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा घालून पकवतात. त्याला आठवडे लागतात. जाड, कडक आणि वर कसलाही मुलामा नाही, म्हणून ते तेल पितं, गडद होतं आणि पायाच्या वळणाला येतं. जॅकेटचं चामडं बहुतेक वेळा क्रोमचं. क्रोमियमच्या क्षारात ते एक-दोन दिवसांत पकतं, आणि मऊपणाला लागेल तेवढा तेलकटपणा टॅनरीतच, म्हणजे चामडं कमावण्याच्या कारखान्यातच, त्याच्यात भरलेला असतो. वर रंगाचा थर. त्यावर एरंडेल ओतलंस तर थोडं शिवणीच्या भोकांतून आत जाईल, बाकीचं वर चिकट बसून धूळ धरेल आणि कॉलरमधून शर्टाला लागेल. खोबरेल तर तिकडच्या डिसेंबरात शिवणीत गोठून पांढरं दिसेल.

खात्री करायची तर चामड्याच्या वरच्या बाजूलाच, पण दिसणार नाही अशा जागी पाण्याचा एक थेंब टाक. थेंब तसाच उभा राहिला तर वर रंगाचा थर आहे. मुरून डाग गडद झाला तर चामडं उघडं आहे, आणि मग त्याला जास्त जपावं लागेल. (जाता जाता: ‘कोल्हापुरी चप्पल फक्त आपलीच’ म्हणून ऑफिसात वाद घालतोस म्हणे. २०१९ चं भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे. तेव्हा जरा दमानं.)

आता मापाचं. खरी भानगड इथंच आहे. दुकानदार म्हणाला, ‘लेदर ताणतं, एक साइज लहान घ्या.’ अर्धं खरं आहे. कोपरात आणि पाठीत चामडं वापरानं सैलावतं, छातीतही किंचित. खांदा मात्र आहे तेवढाच राहतो. म्हणून पहिली नजर खांद्यावर टाक. शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर यायला हवी. दंडावर उतरली तर जॅकेट मोठं, मानेकडे ओढली गेली तर लहान. खांदा चुकला की माझ्यासारख्याकडे आणूनही फारसा उपयोग नसतो. कापडाची शिवण उसवली तर भोकं बुजतात, चामड्याला सुईचं भोक पडलं की ते कायमचं. त्यामुळे आत घेता येतं, बाहेर सोडता येत नाही. सोडलं तर जुन्या टाक्यांची रांग सगळ्यांना दिसते.

लेबलवरच्या आकड्यावर जाऊ नकोस. कुणी ४२ लिहितो ती माणसाची छाती असते, कुणी लिहितो ती जॅकेटची. जॅकेट झिप लावून टेबलावर सपाट पसर आणि एका काखेच्या शिवणीपासून दुसऱ्या काखेच्या शिवणीपर्यंत टेप लाव. तुझी छाती ४० आहे ना? मग ते माप साधारण २२ इंच यायला हवं. दुप्पट केलं की ४४, म्हणजे चार इंचांची ढील. तीन ते पाच इंचांत असलं तर चालेल. तू आत स्वेटर घालणारा माणूस, तेव्हा पाचाकडे झुकलेलं बरं.

मग झिप पूर्ण लाव. उघडं जॅकेट आरशात कुणालाही शोभतं, खोड बंद केल्यावर कळते. तुझं तिरक्या झिपचं आहे, त्यात तर आणखीच. १९२८ साली न्यूयॉर्कच्या आयर्विंग शॉटनं मोटारसायकलवाल्यांसाठी झिपचं जॅकेट काढलं, त्याचंच हे घराणं. तिरक्या झिपमुळे एक पल्ला दुसऱ्यावर बसतो आणि छातीवर वारा लागत नाही. हे वाकून गाडी चालवायला बेतलेलं आहे, म्हणून आखूड वाटतं. तो दोष समजू नकोस. मागचा काठ पट्ट्यापाशी आला की झालं. बुलेटवर बसून हँडल धर. बाही मनगटाच्या हाडाच्या वर सरकली तर लहान आहे. नवीन बाही अर्धा-पाऊण इंच लांब असलेली चांगली, कारण कोपरात चुण्या पडल्या की ती तेवढी वर चढते. हात पुढे केल्यावर सगळं जॅकेटच कमरेवरून वर उचललं जात असेल, तर काख फार खाली कापलेली आहे. अशा जॅकेटात उभं राहायला मजा, गाडी चालवायला वैताग.

नवं जॅकेट मुरवायचं, अंगाला बसवायचं कसं, हे तू मोठं करून विचारलंयस, पण त्यात फार काही नाही. घाल आणि वापर. संध्याकाळी घरात घालून फोनवर बोल, जेवायला बस, बुटांच्या नाड्या बांध. हात वाकले की चुण्या पडतात आणि त्याच पुढे तुझ्या होतात. गरम पाण्यात बुडव, ओलं करून अंगावर वाळव, असलं काही सांगणारे भेटतील. त्यांच्या नादी लागू नकोस. भिजलेलं चामडं उष्णतेनं वाळलं की आतला तेलकटपणा जागा सोडतो आणि ते पापडासारखं कडक होतं. पावसात भिजलंच तर कोरड्या सुती फडक्यानं टीप, रुंद हँगरला लाव आणि पंख्याखाली सावलीत राहू दे. ड्रायर नको, ऊन नको, फ्रिजमागची ऊब तर नकोच.

वर्षातून एकदा-दोनदा रंगहीन लेदर क्रीम बोटावर घेऊन पातळ हातानं फिरव, दहा मिनिटांनी पुसून काढ. बुटाचं पॉलिश अजिबात नको. झिप अडत असेल तर दातांवर मेणबत्ती घास.

खरा शत्रू पावसाळा. इथं आषाढात कपाट उघडलं की ओलीचा भपकारा येतो, आणि जॅकेट मिळतं ते प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. आपण जपून ठेवलं असं लोकांना वाटतं! प्लॅस्टिकमध्ये दमट हवा कोंडते आणि बुरशीला आयतं घर मिळतं. जुन्या सुती चादरीची खोळ शिव, कपाटात दाटी करू नकोस आणि आठवड्यातून एकदा पंख्याखाली वारा दे. पांढरी बुरशी दिसली तर घरात झटकू नकोस, गच्चीवर जा. कोरड्या फडक्यानं पूस, मग पाणी आणि पांढरं व्हिनेगर निम्मं-निम्मं करून पिळलेल्या कापडानं पूस. आधी आतल्या कोपऱ्यात रंग जातो का बघ. सावलीत वाळलं की क्रीम. डांबराच्या गोळ्या खिशात टाकू नकोस, वास निघता निघत नाही.

हे सगळं खऱ्या चामड्याचं. फोम लेदर, म्हणजे कापडावर प्लॅस्टिकचा थर दिलेलं नकली चामडं असेल तर क्रीमचे पैसे वाचव. दमट हवेत त्याचा वरचा थर काही वर्षांत पापुद्र्यांनी सुटतो आणि त्याला इलाज नाही. खिशाच्या आत किंवा न मुडपलेल्या काठाशी बघ. तंतू दिसले तर चामडं, विणलेलं कापड दिसलं तर फोम.

तेव्हा चार मापं इंचात कळव: खांदा, काख ते काख, खांद्याच्या शिवणीपासून बाही, आणि कॉलरखालून पाठीची लांबी. परत पाठवायची मुदत संपायच्या आत कळव म्हणजे झालं. फोटोत डाव्या खिशाच्या झिपची कडी वाकडी दिसतेय. जॅकेट ठेवायचं ठरलं तर गणपतीला येताना घेऊन ये, बसवून देतो. बॅगेत कोंबू नकोस, रात्रीच्या बसमध्ये अंगावरच असू दे.

वहिनींना नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुझा,
बाळू