सुईइतकीच पत्नीच्या तपासणीची गरज

इंजेक्शनने नशा करणाऱ्या व्यसनींना सरकारी खर्चाने नव्या सुया का द्यायच्या, असा सवाल करणारा आपल्या दैनिकातील लेख वाचला. लेखकाची तळमळ खरी आहे. निष्कर्ष मात्र पटत नाही.

एकच सुई अनेकांनी वापरल्याने पसरणाऱ्या एचआयव्हीचा धोका नशेचे इंजेक्शन घेणाऱ्यापाशी थांबत नाही. मणिपूरमधील चुराचांदपूर येथील एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. एचआयव्हीबाधित व्यसनी पुरुषांच्या, स्वतः इंजेक्शन न घेणाऱ्या पत्नींपैकी सुमारे ४५ टक्के स्त्रिया त्यात बाधित आढळल्या. नवऱ्याचे व्यसन सुटेपर्यंत त्यांनी काय करायचे होते? म्हणूनच पुलाखाली, रुळांलगत फिरणारा कार्यकर्ता वापरलेली सुई जाड डब्यात गोळा करतो, नवी देतो आणि सोबत निरोधही देतो. पोलिसांना आणि शेजाऱ्यांना भिऊन लपणारा माणूस याच ओळखीवर तपासणीला आणि नशेची तलफ शमवणाऱ्या ब्युप्रेनॉर्फिन या औषधाच्या गोळीसाठी केंद्रावर येतो. हे व्यसनाला उत्तेजन कसे? २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानेही अशा उपायांना संरक्षण दिले आहे.

खरी उणीव वेगळी आहे. नशेचे आणि लैंगिक आरोग्याचे प्रश्न आपण अजूनही वेगवेगळ्या खिडक्यांवर सोडवू पाहतो. व्यसनमुक्ती केंद्रात गुप्तरोगांची विचारपूस क्वचितच होते, पत्नीची तर त्याहून कमी. व्यसनींच्या पाहण्यांत त्यांच्या जोडीदारांना आणि स्वतः नशा करणाऱ्या स्त्रियांना सामावून घ्यावे, त्यांची तपासणी गुप्तता राखून व्हावी आणि पाहण्यांचे निष्कर्ष त्यांच्या वस्तीत जाऊन सांगितले जावेत, ही मागणी आपल्या दैनिकाने लावून धरावी.

– एक वाचक, नाशिक