भुतांच्या सणात घुबडाची उलटी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑक्टोबरअखेरचा हॅलोविन हा भुताखेतांचा सण आपल्या सोसायट्यांतही होऊ लागला, त्याला 'परदेशी खूळ' म्हणणारी वाचकांची पत्रे इथे न्यू जर्सीत वाचली. प्लास्टिकचे सांगाडे टांगायचे आणि गोळ्या-चॉकलेटांनी पिशव्या भरायच्या, एवढेच आपल्या सोसायट्यांनी उचलले असेल तर पत्रलेखकांचा राग रास्त आहे. पण इथली ग्रंथालये, निसर्गकेंद्रे आणि शाळा या निमित्ताने मुलांना पक्ष्यांचे विज्ञानही शिकवतात, ते मात्र कुणीच उचललेले दिसत नाही.

मुलांचा सगळ्यात लाडका प्रकार म्हणजे घुबडाचे पेलेट फोडणे. गव्हाणी घुबड उंदीर बहुधा सबंध गिळते. हाडे आणि केस पचत नाहीत. पेषणीत, म्हणजे पोटाच्या जाड स्नायूंच्या कप्प्यात, त्यांचा गोळा होतो आणि काही तासांनी घुबड तो ओकून टाकते. तेच पेलेट. हेच गोळे तापवून, निर्जंतुक करून विकायला असतात. हातमोजे घालून, चिमटा नि दाभण घेऊन मुले बसतात. सुरुवातीला 'ईऽऽ' होतेच. मग केसांतून एखादी कवटी निघते आणि वर्ग गप्प. पुढचे दात पटाशीसारखे नि पिवळे-नारिंगी असले तर कुरतडणारा प्राणी. अणकुचीदार, लालसर टोकांचे असले तर चिचुंद्रीच्या जातकुळीतला. बरगड्या, जबडे, मांडीची हाडे तक्त्याशी ताडून मुले कागदावर सांगाडा मांडतात. घुबडाने रात्री काय खाल्ले, याचा पुरावाच समोर असतो!

हॅलोविनच्या मुखवट्यांतूनही असेच विज्ञान शिकवता येते. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ यांच्या चमूने 2006 मध्ये गुहामानवाचा मुखवटा चढवून काही कावळे पकडले आणि पायात कडी घालून सोडून दिले. पुढे कित्येक वर्षे तो मुखवटा दिसला की कावळे कलकलाट करत मागे लागत. कधीच न पकडलेले कावळेसुद्धा. तुलनेसाठी निवडलेल्या, अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनींच्या मुखवट्याकडे त्यांनी फारसे लक्ष दिले नाही. (त्यावरून राजकारण्यांविषयी कावळ्यांचे मत काढू नये.) दुसरा मुखवटा कशाला हवा होता, एवढा एकच प्रश्न मुलांना विचारून पाहा. तासभर वाद चालतो.

या सगळ्याची खरी गरज आपल्याकडे आहे. गव्हाणी घुबड आपल्या पडक्या वाड्यांत आणि किल्ल्यांतही राहते, शेतातले उंदीर खाते. तरीही त्याचे तोंड पाहणे अशुभ, आणि दिवाळीच्या सुमारास अघोरी पूजांसाठी घुबडांची चोरटी विक्री वाढते. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा असूनही हे चालते, कारण भीती घरातूनच शिकवली जाते. पुण्याजवळच्या पिंगोरीत इला फाउंडेशनने घुबड महोत्सव भरवून मुलांना घुबडाची चित्रे काढायला, मुखवटे करायला लावले. असे उपक्रम तालुक्या-तालुक्यात का नसावेत? आपल्याकडे खरे पेलेट मिळवणे अवघड असेल, आणि मुलांनी ते नुसत्या हाताने उचलूही नयेत. पण कागदी लगदा, लोकर आणि मातीची हाडे वापरून नकली पेलेट कुठल्याही शाळेत होतील.

आपल्या बालपुरवणीत ऑक्टोबरमध्ये एक पान भूतकथेऐवजी उंदराच्या हाडांच्या तक्त्याला द्यावे, ही विनंती. कात्रण काढून शिक्षक ते वर्गात वापरतील.

आपली,
एक वाचक, न्यू जर्सी